वाचक विचारतात : कपाटातले हत्ती, बैल, कासवं

प्रश्न : सहलींतून आणलेले चाळीसेक प्राणी काचेच्या कपाटात आहेत. चन्नपट्टणचा हत्ती, कोंडापल्लीची बैलजोडी, आणि त्यांच्याच शेजारी नातवाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. नंदीखाली रोज पिवळसर पीठ सांडलेलं दिसतं. रॉकेल चोळू का? (धरमपेठ)

उत्तर : रॉकेल नको. रंग खराब होईल आणि आतल्या अळीपर्यंत ते पोचेलच असं नाही. टाचणीच्या डोक्याएवढी, 1-2 मिमीची गोल भोकं आणि मैद्यासारखं पीठ म्हणजे लाकडाला भुंगा लागलाय. भोक दिसतं तेव्हा एक किडा बाहेर पडून गेलेला असतो. खरी काळजी मागे राहिलेल्या अळ्यांची. नंदी ब्रशने झाडून काळ्या कागदावर आठ-दहा दिवस अजिबात न हलवता ठेवा. नवं पीठ पडलं तर कीड जिवंत आहे.

मग तो गोठवायचा. टिश्यू पेपरात गुंडाळा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये पूर्ण दोन आठवडे ठेवा. घरच्या एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड राहत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका. घाई इथेच होते, आणि थंड लाकडावर दव धरून रंगाचे पापुद्रे सुटतात. रंग आधीच सुटत असेल तर गोठवण्याच्या भानगडीत पडू नका.

कोंडापल्लीच्या बैलांवर लक्ष असू द्या. ते हलक्या पोनिकी लाकडाचे; पाय-शिंगं वेगळी करून चिंचोक्याची खळ आणि भुशाच्या लगद्याने चिकटवलेली असतात. ओला कपडा लागला की सांधा सैल होतो. चन्नपट्टणच्या हत्तीवर लाखेचा थर असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा सॅनिटायझरने पुसायचं नाही. उष्णतेने ती मऊही पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत असा हत्ती वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलात, तर बातमीची अक्षरं त्याच्या पाठीवर उमटतील!

नवीन आणलेली लाकडी वस्तू महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवून मगच कपाटात लावा.

प्रश्न : बस्तरच्या ढोकरा हत्तीवर हिरवे ठिपके आलेत. चिंचेने घासला तर चकचकीत होईल ना? (मनीषनगर)

उत्तर : होईल, आणि आठवड्यात पुन्हा हिरवा पडेल. ढोकरा म्हणजे मेणाचा नमुना मातीत मढवून, मेण वितळवून त्याच्या जागी ओतलेलं पितळ; त्यावरची नक्षी आधी मेणाच्या बारीक दोऱ्यांनी घडवलेली असते. तिच्या खाचांत चिंचेचं आंबट अडकून बसतं. शिवाय आम्लाने पितळातलं जस्त निघून वरचा थर तांबूस होतो. खाचांतला काळपटपणा ढोकऱ्याचं रूपच आहे, तो घालवायचा कशाला?

आधी सांगा, हत्ती कूलरसमोर तर नाही? नागपूरचा उन्हाळा कोरडा, पण ताटीतून येणारी हवा ओली. दोन-अडीच महिने तिच्यासमोर उभं राहून लगेच पावसाळा, म्हणजे धातूला उसंतच नाही. जागा बदला. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, ठिपके बांबूच्या टोकदार काडीने हलकेच खरवडा. पाण्यात बुडवू नका: पोकळ मूर्तीच्या पोटात पुष्कळदा साच्याची माती राहिलेली असते, ती ओल धरून ठेवते. खरवडूनही फिकट हिरवी भुकटी परत आलीच, तर तो हत्ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, बाकीच्यांपासून दूर.

प्रश्न : कन्याकुमारीहून आणलेल्या शिंपल्यांच्या कासवांवर पांढरी भुकटी येते. बुरशी आहे का? कपाट नवं, प्लायवूडचं आहे. (प्रतापनगर)

उत्तर : बुरशी नाही, तुमचं कपाटच आहे. प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) आणि त्यांतला गोंद आम्लाची वाफ सोडतात; शिंपला चुन्याचा, तो त्यात झिजतो. बंद कपाटात वाफ साठते म्हणून त्रास जास्त. भुकटी कोरड्या ब्रशने काढा आणि कासवं काचेच्या किंवा स्टीलच्या कपाटात हलवा. व्हिनेगर, लिंबू मुळीच लावू नका.

प्रश्न : नातेवाइकांनी वाळवलेला समुद्रघोडा आणि प्रवाळाचा तुकडा भेट दिलाय. कपाटात ठेवू? (सदर)

उत्तर : नाही. दोघांनाही 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मेलेल्या आणि वाळवलेल्या अवस्थेतही. विकू नका, कुणाला भेटही देऊ नका. वन विभागाला लेखी कळवून जमा करा आणि पोच घ्या. संग्रहात समुद्रघोडा हवाच असेल तर पितळेचा किंवा मातीचा घ्या.