फ्लॅटमध्ये कुत्रं आणताय? आधी हे बघा

बहुमताचा ठराव केला तरी सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट आहे. तो कागद जवळ ठेवा, पण भांडायला नव्हे. पिल्लू 3 महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढं दरवर्षी. कार्डाची झेरॉक्स सचिवांना द्या.

खरी भांडणं घाणीवरून होतात. विष्ठा पिशवीत उचला. मुतल्या जागेवर लगेच पाणी ओता, पण टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत बाटली घरूनच भरून न्या.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरवून आणा. हाताची मागची बाजू फरशीवर 7 सेकंद टेकवत नसेल, तर पंजे भाजतात. दिवसभर बाल्कनीत बांधू नका; उन्हानं धापतं, कंटाळून भुंकतं, मग तक्रार येते.