शांततेसाठी केलंय ना, मग कोर्ट काय करणार?

प्रश्न: सरकारने मूलभूत हक्कावर घातलेलं बंधन योग्य आहे की नाही, हे कोर्ट कसं ठरवतं?

वरचं शीर्षक माझ्या साडूचं वाक्य आहे. गडी महसूल खात्यातून रिटायर झालाय. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. एकदा आंदोलनामुळे आमच्याकडे नेट बंद झालं, नेमकी पीकविम्याची मुदत संपत आलेली. सातबारा घेऊन आलेली माणसं दिवसभर ओट्यावर बसून माघारी गेली. संध्याकाळी सासुरवाडीत बशीत चहा ओतत साडू हे बोलला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

शांतता कोणाला नको आहे? पण हेतू चांगला निघाला की विषय संपला, असं नसतं. बंधनाला कायद्याचा आधार आहे का, उपायाचा हेतूशी खरंच संबंध आहे का आणि यापेक्षा कमी जाचात काम भागलं नसतं का, हे कोर्ट बघतं. पटवून द्यायची जबाबदारी सरकारची.

1950 सालचा चिंतामण राव खटला बघा. मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून काही गावांत विड्या वळायला बंदी घातली. सोयाबीन काढणीला माणूस शोधून दमलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. सुप्रीम कोर्टाला पटलं नाही. ज्या म्हाताऱ्या बाया शेतात राबूच शकत नाहीत, त्यांच्या हातची विडी कशाला काढून घेता? बंदी रद्द.

तेव्हा साडू म्हणाला, ते जुनं झालं. मग नवं घ्या, तेही मराठवाड्यातलं. माजलगावात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात (सीएए) धरणं धरायचं होतं, प्रशासनाचा मनाई आदेश आडवा आला. फेब्रुवारी 2020 मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला. आदेश दिसायला सगळ्यांसाठी होता, रोख मात्र आंदोलकांवर, हे कोर्टाने ओळखलं.

आता हेही खरं, की दरवेळी असं होत नाही. सुरक्षेचं नाव निघालं की कोर्ट बऱ्याचदा हात आखडतं. काश्मीरच्या अनुराधा भसीन खटल्यात, जानेवारी 2020 मध्ये, बेमुदत नेटबंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध करा, असं सुप्रीम कोर्टाने बजावलं. नेट मात्र त्या निकालाने लगेच सुरू झालं नाही.

तुमच्याकडे नेट बंद झालं तर आधी आदेशाची प्रत मागा. कारण काय दिलंय, किती दिवस, कोणता भाग, ते वाचा. "वरून फोन आलाय" म्हणजे आदेश नव्हे, साडूभाऊ.