टेक्सासमध्ये हरणाची पहिली शिकार: बंदुकीआधी कागदपत्रं

एच-१बीवर असाल तर आधी शिकारीचं लायसन्स, मग बंदूक. हा क्रम अजिबात चुकवू नका. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे आणि वैध लायसन्स ही त्यातली सवलत आहे. लायसन्सचं वर्ष ३१ ऑगस्टला संपतं. त्याबरोबर सवलतही जाते, हे मात्र लोक विसरतात. टेक्सासात सलग सहा महिन्यांहून जास्त राहत असाल तर रहिवासी दर मागा, बाहेरच्यांचा कित्येक पट आहे. जन्म २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतरचा असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो.

बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. पण खरा अभ्यास काउंटीच्या नियमांचा. किती मारता येतात, मादी चालते का, हे तिथे ठरतं. बऱ्याच काउंट्यांत व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाच्या नराच्या शिंगांची आतली रुंदी किमान १३ इंच हवी, नाहीतर एक तरी शिंग बिनफाट्याचं. सावध हरणाच्या कानांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच भरतं. त्यामुळे दोन्ही शिंगं कानांच्या बाहेर स्पष्ट दिसेपर्यंत ट्रिगरला बोट लावायचं नाही. नवखे इथेच घाई करतात.

गोळी झाडायची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. रिमफायर काडतूस (ज्याचा स्फोटक भाग बुडाच्या कडेत असतो, उदा. पॉइंट २२) हरणाला चालत नाही. कागदी लायसन्स असेल तर हरीण पडल्यावर लगेच लायसन्ससोबत मिळालेल्या टॅगवरचा महिना नि तारीख कापून काढा आणि टॅग बांधा. पेनाने खूण करून भागत नाही, म्हणून खिशात छोटा चाकू ठेवा.