फॅक्टोरिओमध्ये (कारखाना उभारायचा कॉम्प्युटर गेम) सातही सायन्स पॅक (लॅबमध्ये संशोधनाला लागणारा माल) एकाच गोल बेल्टवर फिरवतोय, लाल पॅक जास्त झाले की सगळं जाम होतं. लॅबच्या आधी बेल्टला कंडिशन लावून गेट केलं तरी फरक नाही. काय चुकतंय?

तुमचं गेट चुकीच्या जागी आहे एवढंच. बेल्टचा तुकडा डिसेबल केला की त्यावरचं सगळंच थांबतं, लाल तेवढं थांबव आणि निळं जाऊ दे असं त्याला कळत नाही. आणि लाल बेल्टवर चढून बसल्यावर त्याला अडवून काय उपयोग, बाकीच्यांना जागा कुठून मिळणार? म्हणून अडवायचं ते चढतानाच, म्हणजे बेल्टवर माल टाकणारा इन्सर्टर (माल उचलून ठेवणारा यांत्रिक हात) हेच तुमचं गेट. (गेममध्ये गेट नावाची वेगळी वस्तू आहे, भिंतीतलं दार, ती इथे काही कामाची नाही.)

तुमच्याकडे गेमचं 2.0 व्हर्जन असेल तर काम खूप सोपंय. गोलातल्या कुठल्याही एका बेल्टला वायर लावा, रीड कंटेंट्स चालू करा आणि होल्ड ऑल बेल्ट्स निवडा, म्हणजे अख्ख्या गोलावर काय किती आहे ते त्या वायरवर दिसतं. फक्त मध्ये स्प्लिटर ठेवू नका, मोजणी तिथेच तुटते. तीच वायर सातही इन्सर्टरना जोडायची आणि प्रत्येकाला कंडिशन द्यायची, आपला पॅक 18 पेक्षा कमी असेल तरच चालू. कॉम्बिनेटर (वायरवरच्या आकड्यांचं गणित करणारा डबा) एकही लागत नाही.

आता 18च का, तर इथे मी स्वतः सपशेल आपटलोय. माझा गोल 40 बेल्टचा होता, एका बेल्टवर 8 वस्तू मावतात म्हणजे 320, सात पॅक प्रत्येकी 40 धरले तरी 280, आरामात बसेल असा हिशोब केला आणि दहा मिनिटांत जाम. बराच वेळ वायर तपासत बसलो आणि मग लक्षात आलं की इन्सर्टर माल नेहमी बेल्टच्या दोन लेनपैकी पलीकडच्या लेनवरच टाकतो, माझे सगळे इन्सर्टर बाहेरच्या बाजूला, म्हणजे भरत होती फक्त आतली लेन. जागा निम्मीच, 160, आणि कोपऱ्यांवर आतली लेन अजून आखूड पडते. सात गुणिले 18 म्हणजे 126, थोडी मोकळी जागा राहते आणि ती राहायलाच हवी, नाहीतर माल फिरणार कसा. इन्सर्टरचा स्टॅक साइझ पण 1 करून ठेवा, रिसर्च झाल्यावर तो एका फेरीत बरेच पॅक ओततो आणि 17 वर असलेला आकडा एकदम 18 च्या पुढे जातो.

जुन्या व्हर्जनवर असाल तर मात्र मोजणी स्वतः करावी लागेल, येणारा माल अधिक, लॅबने उचललेला वजा, आणि ती बेरीज कॉम्बिनेटरचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून साठवायची. त्यात बेल्टचं रीडिंग पल्सवर (वस्तू आली की एकदाच मोजणारं) ठेवा, होल्डवर नको. पिवळ्या बेल्टचा एक तुकडा पार करायला वस्तूला 32 टिक (गेमच्या घड्याळाचे ठोके) लागतात, होल्डवर ती प्रत्येक टिकला परत मोजली जाते, म्हणजे एक पॅक गेला की आकडा 32 ने वाढतो. आणि बेल्ट थांबला तर बघायलाच नको.

बेल्टचा तुकडा गेट म्हणून वापरायचा तर एकाच मालाच्या लाइनवर. उदा. दुसऱ्या खाणीतून येणारी राखीव लोखंडाची लाइन, पेटीत 200 पेक्षा कमी प्लेट उरल्या की उघडायची. पण नुसती 200 ची कंडिशन दिली तर 199 ला उघडणार, 200 ला बंद, परत 199, नुसती फडफड. त्यासाठी उघडायचा आकडा वेगळा आणि बंद करायचा वेगळा ठेवा. 2.0 मध्ये एकाच डिसायडरमध्ये (अट तपासणारा कॉम्बिनेटर) जमतं: प्लेट 200 पेक्षा कमी, किंवा एस हा सिग्नल 1 असेल आणि प्लेट 1000 पेक्षा कमी, तर एस 1 बाहेर काढ. आउटपुटची हिरवी वायर परत इनपुटला, पेटीची लाल वायर पण इनपुटला, आणि गेटच्या बेल्टला कंडिशन एस बरोबर 1. हिरवी परत जोडायला विसरलात तर गेट आधीसारखंच फडफडेल, मी दोनदा विसरलोय.

आणि हो, सध्या जाम झालेला गोल आधी हाताने रिकामा करा, कंडिशन लावून जुने लाल पॅक आपोआप उतरणार नाहीत.