लोकल सुटली आणि चालणंही सुटलं

(वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं)

प्रश्न : मी डोंबिवली पूर्वेला राहते, वय 54. एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. मार्च 2020 पर्यंत रोज फोर्टला जायचे. लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं, पुढे कंपनीनं ऑफिसची जागाच सोडली आणि मी कायमची घरी बसले. त्यानंतर वजन वाढलंय, तिसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते, उतरताना गुडघे दुखतात. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. रिपोर्ट ठीक आहेत, ‘व्यायाम करा’ म्हणाले. पण मी आयुष्यात कधी व्यायाम केलाच नव्हता, तेव्हा हे काही नव्हतं. मग आता नेमकं बिघडलं काय? घरकाम तर उलट वाढलंय. मुलगा म्हणतो, ट्रेडमिल घेऊ.

उत्तर : ताई, तुम्ही व्यायाम करत होता. फक्त त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. पत्रासोबत तुम्ही जुना दिनक्रम लिहून पाठवलात, ते फार बरं झालं. रिक्षाची रांग टाळायची म्हणून घर ते स्टेशन पायी, पंधरा मिनिटं. पूल चढायचा, उतरायचा. लेडीज डब्यासाठी प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत जायचं. बारा डब्यांची गाडी म्हणजे साधारण अडीचशे मीटर. सीएसएमटीला उतरून सबवे, पुढे फोर्टपर्यंत बारा मिनिटं, तीही मुंबईच्या चालीनं. संध्याकाळी हेच उलटं आणि वर हातात भाजीची पिशवी. बेरीज केली तर दिवसाला तासभर भरभर चालणं होतं, म्हणजे पाच दिवसांची 300 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर 2020 मध्ये सुधारित सूचना दिल्या, त्यात प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम सांगितले आहेत. ‘कधी व्यायाम न केलेल्या’ तुम्ही त्यातल्या वरच्या आकड्यावर होता! गाडीत उभं राहणं मी यात धरलेलंच नाही.

मार्च 2020 मध्ये लोकल थांबली आणि हा तास एका रात्रीत गेला. जूनच्या मध्याला गाड्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. फेब्रुवारी 2021 मध्ये सगळ्यांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली, दुसऱ्या लाटेत तीही गेली. दोन डोस झालेल्यांना पुन्हा पास मिळाला तो 15 ऑगस्ट 2021 पासून. इतक्या काळात शरीराला बैठं जगणं अंगवळणी पडायला वेळ लागत नाही.

2020 मध्ये मी ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यातून व्हिडिओ कॉलवर पेशंट बघत होते. नियमित व्यायाम करणारे फार लवकर ओरडायला लागले. जिम बंद, टेकडी बंद, सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी फोन उचलत नाहीत. 3 जून 2020 पासून राज्यात पहाटे 5 ते संध्याकाळी 7 चालायला-पळायला परवानगी मिळाली, तर मरीन ड्राइव्हवर गर्दी उसळली. महिनाअखेरीस मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरा म्हणून बजावलं. जिम उघडायला दसरा उजाडला. पण ही माणसं परतली, कारण आपलं काय हरवलंय हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्यासारखे पेशंट माझ्याकडे आले दीड-दोन वर्षांनी, गुडघा किंवा कंबर धरून, आणि ‘वय झालं’ म्हणत. त्यांचं काही हरवलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

‘आर्ग्युस’ नावाच्या ॲपवरच्या 187 देशांतल्या साडेचार लाखांहून जास्त लोकांची पावलं अमेरिकेतल्या संशोधकांनी 2020 मध्ये तपासली होती. महासाथ जाहीर झाल्यावर दहा दिवसांत सरासरी साडेपाच टक्क्यांनी आणि महिन्याभरात 27 टक्क्यांनी पावलं घटली. आता बघा, हे लोक मुळात पावलं मोजायचं ॲप घेणारे, म्हणजे हौशी. डोंबिवली-सीएसएमटी करणाऱ्या बायकांचा त्यात पत्ताही नसणार.

घरकामाचं म्हणाल, तर लॉकडाऊनमध्ये कामाच्या मावशी बंद झाल्या आणि झाडू-फरशी-भांडी तुमच्या अंगावर आली, ती अजून उतरलेली दिसत नाहीत. (मुलगा ट्रेडमिल सुचवतो, त्यालाच आधी फरशी पुसायला द्या. चेष्टा नाही करत.) घरकामानं माणूस दमतं, पण ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं आणि वाकून केर काढणं यानं कंबर दुखते, दम वाढत नाही. दम वाढायला सलग चालणं लागतं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2024 साली आलेल्या अभ्यासानुसार 2022 मध्ये भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल अपुरी होती, पुरुषांत 42 टक्के आणि बायकांत 57. दिवसभर राबूनही हा आकडा बायकांचाच मोठा आहे.

ट्रेडमिल घेऊ नका. तुम्ही कधीही व्यायामासाठी म्हणून चालला नाहीत, कुठेतरी पोचायचं म्हणून चाललात. तुम्हाला मशीन नको, पोचायला ठिकाण हवं. सकाळी ज्या वेळेला गाडीसाठी निघायचात त्याच वेळेला चपला घाला, स्टेशनपर्यंत जा आणि परत या. मग लॉगिन. संध्याकाळी भाजीसाठी ॲप उघडायचं नाही. बाजारात जायचं, दोन दिवसांपुरतीच घ्यायची, म्हणजे परवा पुन्हा जावं लागेल. पहिले दोन आठवडे निम्म्या वाटेवरून परत फिरलात तरी चालेल. वेग इतका ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. रविवारी नाक्यावरच्या मैत्रिणींना घेऊन क्रीडासंकुलात फिरायला जा.

गुडघ्यांसाठी : सध्या जिना चढा, उतरताना लिफ्ट असेल तर वापरा. चढताना स्नायू काम करतात, उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. शिवाय भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हात न टेकता उठा-बसा. सुरुवातीला आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. हाताशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मांडीचे स्नायू सावरले की उतरतानाचं दुखणं बरंच कमी होतं. गुडघा सुजला, किंवा चालताना छातीत दडपल्यासारखं झालं, तर मात्र माझा सल्ला बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : वय 71, राहणार कोथरूड, पुणे. आमचा सहा जणांचा कंपू रोज पहाटे टेकडीवर जायचा. 2021 मध्ये त्यातले दोघे करोनानं गेले, एक मुलाकडे अमेरिकेला गेला. तेव्हापासून मी घरातच येरझारा घालतो. टेकडीवर एकट्यानं जाववत नाही आणि हल्ली तोल गेल्यासारखंही वाटतं. घरातलं चालणं पुरेसं आहे का?

उत्तर : काका, येरझारा बसून राहण्यापेक्षा बऱ्या, पण पुरेशा नाहीत. सपाट फरशीवर दर दहा पावलांनी वळत राहिलं की पावलाचा आवाका आखडतो आणि खडबडीत जमिनीची सवय जाते. तोल जातोय तो बहुधा त्यामुळे. तरी रक्तदाब, कान आणि चालू असलेली औषधं एकदा तपासून घ्या. वयाच्या पासष्टीनंतर आठवड्यात निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करायचे असतात. ओट्याला एक हात लावून एका पायावर उभं राहा, दहा आकडे मोजा, मग दुसरा पाय. जमलं की एका बोटाचाच आधार ठेवा.

टेकडी एवढ्यात नको. महिनाभर जवळच्या बागेत सपाटीवर चाला. उरलेल्या दोघांना आज फोन करा. मित्र गेल्यावर त्या वाटेवर पाय वळत नाहीत, हे मी पुष्कळ पेशंट्सकडून ऐकलंय. त्याला आळस कुणी म्हणू नये. वाटलं तर वाट बदला, वेळ बदला. तिघांनी पहाटेऐवजी संध्याकाळी पाचला भेटायचं ठरवलंत तरी झालं.

प्रश्न : घड्याळ रोज दहा हजार पावलं मागतं. घरून काम असल्यानं चार-पाच हजारच होतात. फायदा काय? (वय 38, ठाणे)

उत्तर : दहा हजार हा आकडा 1965 च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे रूढ झाला. तो डॉक्टरी तपासणीतून निघालेला नाही. अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या साडेसोळा हजारांवर बायकांच्या अभ्यासात (2019) दिवसाला सुमारे 2,700 पावलं टाकणाऱ्यांपेक्षा 4,400 टाकणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तुमचं वय त्यांच्या निम्मं, म्हणून साडेसात हजारांपर्यंत जायला हरकत नाही. ऑफिसचे फोन उभं राहून, फिरत घ्या. जेवणानंतर खाली दहा मिनिटं उतरा. घड्याळाच्या सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलता येतो.