भारत आणि चीनच्या सॉफ्टवुड आयातीची तुलना करताना भारत एवढा लहान का दिसतो?

तुम्ही विचारलंय की, सॉफ्टवुडचे (पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचे) कस्टमच्या ४४०७ या कोडखालचे वीस वर्षांचे आयातीचे आकडे मांडले तर चीनच्या शेजारी भारत दिसतच नाही. मग वाळूज-जालन्यातल्या पॅलेट आणि पेट्या बनवणाऱ्यांकडे एवढं पाइन येतं कुठून?

बरंचसं ओंडक्यांच्या रूपात येतं. न्यूझीलंडचा रेडिआटा पाइन कांडल्याला गोल उतरतो, गांधीधामच्या सॉ मिलमध्ये चिरला जातो आणि फळ्या-पट्ट्या होऊन वखारीत पोचतो. कस्टमच्या कागदावर तो ४४०३, म्हणजे ओंडक्यांच्या कोडखाली असतो. ४४०७ म्हणजे ६ मिमीपेक्षा जाड चिरलेलं लाकूड, एवढंच. दोन्ही धरल्याशिवाय ही तुलना करूच नका.

बेरजेआधी ओंडक्यांचं चिरलेल्या लाकडात रूपांतर करा. १०० घनमीटर ओंडक्यांतून साधारण ५५ घनमीटर माल निघतो असं धरा, बाकी भुसा आणि साली-कडांचे तुकडे. मग ५० आणि ६० टक्के धरूनही तोच आलेख काढा. निष्कर्ष बदलला तर तो कच्चा आहे.

सगळ्यात जास्त फसवतं ते कोडचं बदलणं. २०१६ पर्यंत चिरलेलं सॉफ्टवुड ४४०७१० या एकाच कोडखाली होतं. २०१७ पासून त्याचे ४४०७११, १२ आणि १९ झाले, कोडच्या यादीच्या २०२२ च्या आवृत्तीत १३ आणि १४ वाढले. जुनाच कोड ओढत राहिलात तर आयात एका वर्षात शून्यावर आल्यासारखी दिसेल. ओंडक्यांचा ४४०३२० सुद्धा २०१७ मध्येच ४४०३२१ ते २६ असा फुटला.

चीनची रेघ कारणांसकट वाचा. १९९८ च्या महापुरानंतर तिथे नैसर्गिक जंगलतोडीवर बंधनं आली आणि रशियन ओंडक्यांची आयात जोरात वाढली. रशियाने २००७-०८ मध्ये ओंडक्यांवरचा निर्यात कर २५ टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हा चीन न्यूझीलंडचे ओंडके आणि रशिया-कॅनडाचं चिरलेलं लाकूड जास्त घेऊ लागला. २०२२ पासून तर रशियाने सॉफ्टवुडचे कच्चे ओंडके बाहेर पाठवणंच बंद केलं. त्यामुळे रशियन ओंडक्यांचा आकडा पडला म्हणजे चीनची मागणी पडली, असं नाही. मागणी खरी ढासळली ती २०२१ नंतर, तिथला घरबांधणीचा धंदा बसल्यावर.

मोजमाप सगळीकडे घनमीटरमध्येच ठेवा. वखारीत घनफूट चालतं: १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. पण गोल लाकूड हॉपसने (ओंडके मोजायच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीने) मोजलेलं असेल तर तोच घनमीटर २७.७ हॉपस फूट भरतो. अमेरिकी आकडे हजार बोर्ड फुटांत असतात (एक बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी), हजाराचे कागदोपत्री २.३६ घनमीटर, मात्र दोन बाय चार इंची म्हणवली जाणारी पट्टी प्रत्यक्षात ३८ बाय ८९ मिमी असल्याने खरं लाकूड जेमतेम १.५५ घनमीटर निघतं.

आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, चीनचं जानेवारी ते डिसेंबर. मासिक आकडे घेऊन कॅलेंडर वर्ष बांधा. किमतीवरून तुलना टाळा, कारण आयातीच्या किमतीत जहाजभाडं धरलेलं असतं आणि २०२१ मध्ये ते अफाट वाढलं होतं. किंमत एकाच कामाला वापरा: प्रत्येक ओळीत तिला घनमीटरने भागा. ओंडक्यांचा भाव १०० ते २०० डॉलरच्या आसपास असायला हवा. १५ किंवा १,५०० आला, तर त्या ओळीत एककाची चूक आहे. ती ओळ बाजूला काढून निर्यातदार देशाच्या आकड्याशी ताडून बघा.