रूममेट एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे असं कळलं, भांडी-बाथरूम वेगळं करावं का?

नाही. भांडी नाही, बाथरूम नाही, चादरी नाही, काहीच वेगळं करू नका. रेझर आणि टूथब्रश आपापला वापरा, पण तो तसाही कुणाचा उसना घ्यायचा नसतो, रूममेट पॉझिटिव्ह असो नाहीतर नसो. खरंतर उत्तर इथेच संपलं. पण तुम्ही खाली एक वाक्य लिहिलंय, "त्याने आधीच सांगितलं असतं तर आम्ही काळजी घेतली असती", ते वाचून डोकं फिरलं माझं, कारण हेच वाक्य मी वॉर्डात इतकी वर्षं ऐकतोय की आता सहन होत नाही.

मी नर्सिंगमध्ये आहे, ब्रदर म्हणतात आम्हाला. सर्जरी वॉर्डला असताना आमच्या इन्चार्ज सिस्टरांची पद्धत होती, पेशंट पॉझिटिव्ह असला की केस पेपरवर लाल स्टिकर आणि बेडच्या पायथ्यालाही लाल स्टिकर. शेजारचा पेशंट विचारायचा हे काय आहे, नातेवाईक विचारायचे, आणि दोन दिवसात अख्ख्या वॉर्डाला माहीत. मी कितीदा म्हटलं मॅडम हे बरोबर नाहीये, त्यांचं ठरलेलं उत्तर, "तुला काय जातंय, स्टाफच्या सेफ्टीसाठीच आहे ना". मग स्टिकरवाल्या बेडकडे जाताना लोक दोन-दोन ग्लोव्हज, गाऊन, मास्क, एकजण तर बीपी बघायलाही ग्लोव्हज घालून जायचा, बीपी! आणि त्याच्या शेजारच्या बेडला तोच माणूस उघड्या हाताने आयव्ही, म्हणजे सलाइनची सुई, लावणार, वापरलेल्या सुईला परत टोपण लावणार, नाहीतर सुई तशीच ट्रेमध्ये टाकून पुढे जाणार. का, तर तो पेशंट क्लीन आहे. क्लीन कुणी ठरवलं? निम्म्यांची टेस्ट झालेली नसायची. ज्यांची झालेली त्यांच्यातही नुकतीच लागण झालेल्याचा रिपोर्ट काही आठवडे निगेटिव्हच येतो, आणि नेमका त्याच काळात रक्तात व्हायरस भरमसाठ असतो. स्टिकर लावणार कुणाला मग?

एकदा नाइट संपत आलेली, बेड रिकामा झालेला म्हणून चादर ओढली, ग्लोव्हज होते हातात, तरी चादरीच्या घडीत कुणीतरी सोडलेली सुई सरळ बोटात. पोकळ सुई, आत रक्त. स्टिकर नसलेला बेड. पेशंटला रात्रीच दुसरीकडे हलवलेलं, त्यामुळे त्याची टेस्ट करण्याचा प्रश्नच मिटला. एकजण ओरडतोय दाब दाब रक्त काढ, दुसरा स्पिरिटची बाटली घेऊन धावत आला. दोन्ही चूक. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट-ब्लीच काही ओतायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच पीईपीसाठी, म्हणजे संपर्क झाल्यावर लागण टाळायला घ्यायच्या गोळ्यांसाठी, पळायचं. मी तेच केलं. सिस्टर आल्या, पहिला प्रश्न काय, "त्या लाल स्टिकरवाल्याची होती का रे?" म्हटलं नाही. "मग कशाला टेन्शन घेतोस, बस थोडा वेळ."

हे तेव्हा जेवढं झोंबलं तेवढी सुईसुद्धा नाही झोंबली.

ऐकलं असतं तर वेळ गेली असती. पीईपीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि पहिल्या काही तासात केल्या तर उत्तम, नंतर उपयोग राहत नाही. मी कॅज्युअल्टीत जाऊन सुरू करून घेतल्या. २८ दिवसांचा कोर्स असतो. मळमळ, डोकं जड, ड्युटी चालूच. आणि गंमत पुढे आहे, गोळ्या चालू आहेत हे कळल्यावर स्टाफरूममधला माझा पाण्याचा ग्लास कुणीतरी बाजूला काढून ठेवला. ज्यांना सुई टोचली तेव्हा टेन्शन नव्हतं त्यांना ग्लासचं टेन्शन! थुंकीतून पसरत नाही हे सगळ्यांना पाठ, परीक्षेत लिहून पास झालेली माणसं ही. रक्त, वीर्य, योनीतला आणि गुदद्वारातला स्राव, आईचं दूध, एवढ्यातूनच पसरतो, हे त्यांनी मला शिकवायचं होतं. माझ्या पुढच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. ग्लास परत जागेवर ठेवायला मात्र कुणी आलं नाही, मीच ठेवला.

आता आकडे बघा म्हणजे स्टिकरमध्ये किती दम आहे ते कळेल. पॉझिटिव्ह माणसाच्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातूनच पसरणारा यकृताचा आजार, त्याची लस घेतली नसेल तर ६ ते ३० टक्के. शिवाय बीचा व्हायरस सुकलेल्या रक्तात आठवडाभर टिकतो. एवढं असून हिपॅटायटिसचं स्टिकर मी कुठे पाहिलं नाही. मी एकदा सिस्टरांना सगळ्यांसमोर विचारलं की मॅडम तुमचे हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का. तिसरा राहिला होता. सेफ्टीचं बोलायचं आणि तिसरा डोस नाही! त्यानंतर त्या माझ्याशी महिनाभर नीट बोलल्या नाहीत, चालेल.

आणि हे काही माझं नवीन तत्त्वज्ञान नाही. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, १९८७ मध्येच लिहून ठेवलंय की रक्ताबाबतची काळजी प्रत्येक पेशंटच्या बाबतीत सारखीच घ्यायची, रिपोर्ट काहीही असो. त्यामागे सरळ हिशोब आहे, कुणाला आहे ते बघून कळत नाही. "आधी सांगितलं असतं तर काळजी घेतली असती" म्हणणारा माणूस बाकी सगळ्यांच्या बाबतीत काळजी घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तुमचा रूममेट गोळ्या घेतो असं लिहिलंय. मग तर अजूनच सोपं. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पार्टनर-२ नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, ७८२ पुरुष जोडपी, त्यातला एक पॉझिटिव्ह पण औषधांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, मिलीलीटरमागे २०० च्या खाली, दुसरा निगेटिव्ह, संबंध कंडोमशिवाय. त्या काळात १५ जणांना लागण झाली खरी, पण व्हायरसची जनुकीय तपासणी केली तर एकही आपल्या जोडीदाराकडून आलेली नव्हती. शून्य. जोडीदारांमध्ये शून्य आणि तुम्ही ताटलीचं विचारताय. हां, हे शारीरिक संबंधांबद्दल आहे, सुईच्या बाबतीत इतकं छातीठोक शून्य कुणी म्हणत नाही, आणि सिरिंजमध्ये अडकलेल्या रक्तात व्हायरस उघड्यावरच्यापेक्षा बराच जास्त टिकतो, म्हणून दुसऱ्याने वापरलेली सुई कधीच नाही, कुणाचीच. त्याचं बोट कापलं, रक्त सांडलं तर ग्लोव्हज घालून पुसा, पण हे मी तुमचं बोट कापलं तरी सांगितलं असतं.

तुमची टेस्ट करायची का, तर करा, एकदा प्रत्येकानेच करावी, पण एका घरात राहता म्हणून करायची गरज नाही. तुमचं स्वतःचं बाहेर काही असेल, कंडोम वगैरे बाबतीत ढिलाई असेल, तर प्रेपबद्दल डॉक्टरला विचारा, त्या आधी घ्यायच्या गोळ्या असतात, पीईपी नव्हे, लोक दोन्हीत गोंधळ करतात.

तिसऱ्या रूममेटला सांगू का विचारलंय, तर नका सांगू. त्याने तुम्हाला स्वतःहून सांगितलं की तुम्ही त्याची गोळ्यांची बाटली बघितली ते तुम्ही लिहिलं नाहीये, आणि मला वाटतंय बाटलीच बघितली असणार. घरात चर्चा सुरू झाली की माणूस गोळ्या लपवायला लागतो, कुणासमोर घेत नाही, मग डोस चुकतात आणि दाबून ठेवलेला व्हायरल लोड परत वर जातो. लाल स्टिकरवाला आमचा तो पेशंट वर्षानुवर्षं औषधांवर होता, लोड सापडतच नव्हता, वॉर्डात ज्याचं रक्त नक्की काय आहे ते माहीत असलेला बहुतेक तो एकटाच. डिस्चार्ज घेताना त्याने स्टिकर स्वतः खरवडून काढलं, मी बघितलं आणि मुद्दाम काही बोललो नाही.

अजून काही असेल तर विचारा, नाइट चालू आहे त्यामुळे उत्तर उशिरा येईल.